छत तुझ्याकडे, रस्ता माझ्याकडे

(दातांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. भिंतीला टेकून बाकं. समोरच्या बाकावर एक पेशंट, तोंडापुढे मासिक धरून.)

केकवाली: ...तर ते पोतं होतं. मी स्वतः वाकून बघितलं.

ड्रायव्हर: रिकामं की भरलेलं?

केकवाली: भरलेलं. सिमेंटचं.

ड्रायव्हर: सिमेंटचं कशावरून? आत माणूस असू शकतो.

केकवाली: वर सिमेंट असं छापलं होतं.

ड्रायव्हर: माणूस भरणारा वर माणूस असं थोडंच छापेल.

केकवाली: म्हणून मी बोटाने भोक पाडलं. आधी सिमेंट निघालं, मग दुकानातून मालक निघाला. त्याला म्हटलं, माझ्या मैत्रिणीला वाटतंय की सकाळी तिच्या व्हॅनखाली तुमच्याकडचं कुणीतरी आलं. तो पोत्याकडे बघून म्हणाला, तब्येत बरी दिसतेय याची.

ड्रायव्हर: आणि शाळेच्या कोपऱ्यावरचा धक्का?

केकवाली: तो गतिरोधक आहे. शाळा सुरू झाल्यापासून रोज त्याच्यावरून जातेस.

ड्रायव्हर: आज मऊ लागला.

केकवाली: नवं डांबर घातलंय. चप्पल चिकटली माझी.

ड्रायव्हर: फळवाल्यापाशी?

केकवाली: फळवाल्यापाशी एक माणूस आडवा होता.

ड्रायव्हर: मेलेला?

केकवाली: जिवंत. झोपला होता. उठवून विचारलं, तुमच्या अंगावरून पांढरी व्हॅन गेली का हो. म्हणाला, आठवत नाही.

ड्रायव्हर: आठवत नाही म्हणजे काय?

केकवाली: म्हणजे नाही गेली. अंगावरून व्हॅन गेलेली माणसाला आठवते. तर रस्ता साफ आहे, आज तू कुणालाही मारलेलं नाहीस. माझं झालं. आता तुझं सांग. छत कसं आहे?

ड्रायव्हर: तुझी दाढ कशी आहे?

केकवाली: माझी दाढ दुखतच नाही. तुला माहितीय.

ड्रायव्हर: हळू. ती काउंटरवरची ऐकेल. मागच्या खेपेला म्हणत होती, तुम्ही दोघी दर आठवड्याला येऊन नुसत्या बसता आणि डॉक्टरांकडे न जाताच वर जिना चढून जाता. मग मला आत जाऊन दाढ भरून घ्यावी लागली. चांगली दाढ होती, ताई.

केकवाली: मी दात घासून घेतले नाहीत का? घासून घासून विरजणासारखे पांढरे झालेत. वरच्या मॅडमनी तो नियम केला नसता तर आपल्या तोंडावर ही वेळ आली नसती.

ड्रायव्हर: नियम बरोबर आहे त्यांचा. भीतीच्या गटातल्या बायकांनी बाहेर भेटायचं नाही. भेटलं की धीर देत बसतात. धीराची चटक लागते. मग माणूस घरी सुधारत नाही आणि गटात रडत नाही.

केकवाली: पण आपण कुठे धीर देतो? मी तुला एकदा तरी म्हटलं का, काही होत नाही गं?

ड्रायव्हर: नाही.

केकवाली: तू मला म्हटलंस?

ड्रायव्हर: नाही.

केकवाली: आपण फक्त अदलाबदल केली. मला रस्त्याची भीती वाटत नाही, तुला छताची वाटत नव्हती. छत तुझ्याकडे, रस्ता माझ्याकडे. ज्याला ज्याची भीती नाही त्याने ते सांभाळायचं. यात कसला नियम मोडला?

ड्रायव्हर: वाटत नव्हती. हे मात्र बरोबर बोललीस.

केकवाली: म्हणजे काय?

ड्रायव्हर: काही नाही. वर जायची वेळ झाली का?

केकवाली: अजून आहे. आज माझी शेवटची बैठक, उशीर करून चालणार नाही. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलंय, आज सगळ्यांना सांगा की तुम्ही बऱ्या कशा झालात, बाकीच्या बायकांना हुरूप येईल. मी काय सांगू? छत एका ओळखीच्या बाईकडे ठेवायला दिलंय?

ड्रायव्हर: ताई, ते परत घेतेस?

केकवाली: काय?

ड्रायव्हर: छत.

केकवाली: ठेवलेली वस्तू अशी मध्येच परत करतात का?

ड्रायव्हर: फाटलीय पट्टी.

केकवाली: कसली पट्टी?

ड्रायव्हर: तुझ्या लेकीच्या बाळाच्या पाळण्यावर, छताच्या भेगेवर मी कागदाची पट्टी चिकटवली होती ना, ती.

केकवाली: ती डासांची आहे म्हणालीस मला.

ड्रायव्हर: डासांची नाही. भेगेच्या दोन्ही कडांना घट्ट चिकटवायची असते. भेग रुंदावली की कागद ताणतो आणि फाटतो. सकाळी पोरं शाळेत सोडून तुझ्याकडे गेले, स्टुलावर चढले. मधोमध फाटली होती.

केकवाली: थांब. थांब जरा. हे तू मला सांगायचं नाहीस. आपलं ठरलं होतं. चांगलं असो, वाईट असो, ज्याच्याकडे आहे त्याने पोटात ठेवायचं. विचारलं की 'आहे तसंच आहे' एवढंच म्हणायचं.

ड्रायव्हर: आहे तसं नाहीये.

केकवाली: तरी म्हणायचं.

ड्रायव्हर: मला नाही म्हणता येत. मी दुपारी व्हॅन तुझ्या घरासमोर लावून खिडकीकडे बघत बसते. पोरं मागून विचारतात, बाई, या घरात कोण राहतं. पोरांच्या आयांनी तक्रार केलीय की व्हॅन रोज उशिरा येते आणि उतरताना पोरं छताकडे बघतात. परवा एकाच्या घरी पंखा हलला तर ते पोर टेबलाखाली जाऊन बसलं. साथ पसरवतेय मी.

केकवाली: आणि माझ्या लेकीने बघितलं तुला स्टुलावर?

ड्रायव्हर: रोजच बघते. तिला वाटतं मी पंखा पुसायला येते. मागच्या आठवड्यात म्हणाली, मावशी, आल्याच आहात तर खिडक्याही घ्या.

केकवाली: मग?

ड्रायव्हर: घेतल्या. खिडकी उघडेना. आधी उघडायची.

केकवाली: हवेने फुगली असेल.

ड्रायव्हर: दारही अडकतं.

केकवाली: अडकत होतं. सुताराला बोलावून तासून घेतलं मी. आता मस्त लागतं.

ड्रायव्हर: तू दार तासलंस?

केकवाली: बरी बाई दुसरं काय करेल? पूर्वी माझं दार अडकलं असतं तर मी लेकीला उचलून रस्त्यावर गेले असते. गेले आहे. तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला अंथरुणासकट बसथांब्यावर नेऊन झोपवलं होतं मी. तिचे सासू-सासरे पहिल्यांदा घरी आले तर त्यांना अंगणात खुर्च्या दिल्या, ऊन होतं तरी. विहीणबाई अजून त्यावर बोलतात. इंजिनियर बोलावले, एक सोडून तीन. तिसऱ्याने फी घेतली नाही. भिंतीवर थाप मारली, माझ्याकडे बघितलं आणि खिशातून वरच्या मॅडमचं कार्ड काढून दिलं.

ड्रायव्हर: त्याला किती वर्षं झाली?

केकवाली: झाली असतील. तेव्हा खाली शिवणक्लास होता.

ड्रायव्हर: आता काय आहे?

केकवाली: जिम करतायत. खूप ठाकठूक असते दिवसभर. मधली भिंत पाडली म्हणे त्यांनी, मशिनं बसत नव्हती. पण हवा छान खेळते आता.

ड्रायव्हर: मधली भिंत पाडली.

केकवाली: अशी बघू नकोस माझ्याकडे. हे तोंड मी आरशात पंधरा वर्षं बघितलंय. हा आजार आहे, बाई. त्याला सगळं जुळतं. दार जुळतं, खिडकी जुळते, जिम जुळते. मॅडम काय म्हणतात? जुळायला लागलं की समजायचं, पाहुणा आला.

ड्रायव्हर: मलाही तेच वाटलं. म्हणून मी रस्त्यावरून तीन चकरा मारून स्वतःला समजावलं. मग एक आठवलं. आणि त्याने जास्तच घोळ झाला.

केकवाली: काय आठवलं?

ड्रायव्हर: मी त्या पट्टीवर रोज बोट फिरवायचे. फाटलीय का बघायला. जोर देऊन. फाटली नसेल तर जरा अजून जोर देऊन.

केकवाली: म्हणजे तूच फाडलीस.

ड्रायव्हर: फाडली असेन. किंवा छताने. मला कळत नाही. हेच तर मला कधी कळत नाही, ताई. धक्का बसतो, आणि मला माहीत नसतं की खड्डा होता की माणूस. रस्त्यावर तू जाऊन बघून येतेस. छतावर कोण जाऊन बघणार? मी तर तुझं डोकं घेऊन बसलेय, माझं तुझ्याकडे आहे.

केकवाली: माझं घेतलंस तेव्हा हसत घेतलंस. म्हणालीस, छत काय, हे तर उभं असतं, पळत नाही.

ड्रायव्हर: कारण मला वाटलं तुझं खोटं आहे. मी तुला खोटी भीती दिली, ताई. पोती, गतिरोधक, झोपलेला माणूस. तू मला खरी दिलीस.

केकवाली: मला काय माहीत खरी आहे. मी तर वेडी होते ना.

ड्रायव्हर: रागावलीस?

केकवाली: नाही.

ड्रायव्हर: पर्स किती घट्ट धरलीयस.

केकवाली: माझी आहे, धरेन. तू ऐक आता. जावई कामावर परदेशी गेला. लेकीपुढे दोन घरं होती, सासूचं आणि माझं. ती माझ्याकडे आली. कडेवर पोर, हातात पिशव्या, आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, आई, एकच सांगते. छताचं नाव काढलंस की मी त्याच पावली परत जाईन, आणि मग बाळाला बघायला तू सासूबाईंकडे यायचं, अंगणात बसून. मी म्हटलं, कसलं छत. असं म्हटलं मी. कसलं छत. तेव्हा कुठे तिने चप्पल काढली.

ड्रायव्हर: माहितीय मला.

केकवाली: तुला अर्धंच माहितीय. बाळ आता ओळखतं मला. पिठाचे हात बघून हसतं. आज वर जाऊन मॅडम मला सगळ्यांसमोर बरी म्हणणार आहेत, लेकीने त्यासाठी सकाळी माझी साडी इस्त्री करून दिली. आणि तू मला म्हणतेस की घरी जाऊन तिला सांग, छत. का, तर तुझ्या बोटाने कागद फाटला.

ड्रायव्हर: मी तसं म्हणत नाही.

केकवाली: मग काय म्हणतेस?

ड्रायव्हर: मी म्हणतेय, माझ्या बोटाने फाटला नसेल तर?

लायब्ररी: माफ करा.

केकवाली: अगोबाई.

ड्रायव्हर: मासिक खाली कर. तू? आमच्या गटातली लायब्ररी ना तू? खिडकीपाशी बसतेस ती?

लायब्ररी: हो. माफ करा. तुम्ही आलात तेव्हा मी इथेच होते. मी खाकरले होते, पण तेव्हा सिमेंटच्या पोत्याचं चाललं होतं.

केकवाली: म्हणजे तू सगळं ऐकलंस.

लायब्ररी: ऐकू आलं. ऐकणं आणि ऐकू येणं यात फरक आहे असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण मला आता वर जाऊन सांगावं लागेल की तुम्ही बाहेर भेटता. नियमात आहे. ज्याला कळेल त्याने सांगायचं.

ड्रायव्हर: एवढे दिवस गटात तू फक्त माफ करा म्हणालीस. आजच तोंड उघडायचं सुचलं?

लायब्ररी: आज मला स्वतःचंही सांगायचंच होतं. मीही नियम मोडलाय. आठवडाभर झोप नाही. म्हणून आधी केकताईंना सांगावं म्हणून खाली थांबले.

केकवाली: तू काय केलंस, पोरी? तुझं तर ते पुस्तकांचं आहे ना?

लायब्ररी: हो. ते आहेच. लोकांनी परत केलेलं पुस्तक मला पहिल्या पानापासून बघावं लागतं, देताना मी आत कुठे शिवी तर लिहिली नव्हती ना. पण हे वेगळं. मी तुमच्याकडून केक मागवला.

केकवाली: माझ्याकडून? कधी?

लायब्ररी: तुम्ही गटात एकदा तुकडे आणले होते. डब्यावर नंबर होता. बाबांचा वाढदिवस होता, मी बाबांच्या नावाने फोन केला. आवाज जाड करून.

केकवाली: ते म्हातारे गृहस्थ तू होतीस? मी तुला घशासाठी हळद घ्यायला सांगितलं.

लायब्ररी: घेतली.

ड्रायव्हर: हे बघ, तुझा केक झाला, वाढदिवस झाला, आम्ही माफ केलं. आम्ही इथे ताईच्या घराचं छत पडतंय की नाही ते ठरवतोय.

लायब्ररी: हो, तेच. माफ करा. केक कललेला होता.

केकवाली: काय होता?

लायब्ररी: कललेला. मला वाटलं, नियम मोडला म्हणून मला तसाच मिळाला. मग बाबांना दिसू नये म्हणून मी खालच्या बाजूला एक पातळ पुस्तक सरकवलं. कवितांचं.

केकवाली: ऐक, मी इतकी वर्षं केक करते. माझ्या केकवर पाण्याचा पेला ठेव, हलणार नाही.

लायब्ररी: वरून सपाट होता, खरं आहे. पण कापल्यावर दिसलं. एका बाजूला क्रीमचा थर बोटभर, दुसऱ्या बाजूला जेमतेम. आतला केक उतरता होता. बाबांना क्रीमची बाजू आली, त्यांना आवडली.

ड्रायव्हर: ताई.

केकवाली: क्रीमने सपाट करावं लागतं कधीकधी. सगळेच करतात.

ड्रायव्हर: ताई, मी तुझ्याकडून व्हॅनच्या पोरांसाठी केकच्या कापलेल्या कडा नेते. पूर्वी पातळ असायच्या. हल्ली एका बाजूच्या जाड असतात. पोरं भांडतात त्यासाठी. मला वाटलं तू प्रेमाने जाड कापतेस.

केकवाली: प्रेमानेच कापते.

ड्रायव्हर: ओव्हन कसा आहे तुझा?

केकवाली: ओव्हनला काय झालंय. जरा खिडकीकडे उतरतो, एवढंच.

ड्रायव्हर: उतरतो म्हणजे?

केकवाली: उतरतो म्हणजे पीठ एका बाजूला जातं. मग मी पायाखाली पुठ्ठा घालते, की झालं सरळ.

ड्रायव्हर: कसला पुठ्ठा?

केकवाली: केकच्या डब्याचा. एक घडी.

लायब्ररी: माफ करा, अजूनही एकच?

केकवाली: आधी एक पुरायचा. मग दोन लागले. मग पुठ्ठे दबायला लागले.

ड्रायव्हर: मग?

केकवाली: आता फळी घातलीय. लाकडाची. सुतार आलाच होता दारासाठी, तर त्याच्याकडूनच कापून घेतली. तीही परवा कमी पडली, म्हणून तिच्यावर परत एक पुठ्ठा.

ड्रायव्हर: ओव्हन आणि पाळण्याची खोली, मध्ये काय आहे?

केकवाली: भिंत.

ड्रायव्हर: आणि त्या भिंतीच्या खाली?

केकवाली: जिम.

ड्रायव्हर: मी एवढे दिवस मान मोडून वर बघत होते. तू खाली पुठ्ठे लावत होतीस.

केकवाली: मला भीती नाही वाटली. तू विचारलंस म्हणून सांगते, मला जराही भीती वाटली नाही. पुठ्ठा घालताना मी गाणं म्हणत होते. मला वाटलं, बघ, किती सुधारलीस तू.

ड्रायव्हर: ओव्हनला कुणी बोट लावून बघत होतं का? जोर देऊन?

केकवाली: नाही.

ड्रायव्हर: तुला त्याच्याबद्दल काही वाटत होतं? मनात काही जुळत होतं?

केकवाली: नाही. मला फक्त केक सरळ हवा होता.

लायब्ररी: पीठ तर आपल्या गटात नाही.

केकवाली: काय म्हणालीस?

लायब्ररी: माफ करा. म्हणजे, तुम्ही घाबरलात तर लोक म्हणतील आजार आहे. या घाबरल्या तरी तेच. मी घाबरले तर विचारूच नका. पण पिठाला कुणी मॅडमकडे पाठवलेलं नाही. ते एका बाजूला गेलं तर जमीनच गेली असणार.

केकवाली: काही होणार नाही ना गं?

ड्रायव्हर: माहीत नाही.

केकवाली: मॅडमनी शिकवलेलं उत्तर देऊ नकोस मला. मैत्रीण म्हणून सांग.

ड्रायव्हर: मैत्रीण म्हणूनच सांगतेय. मला खरंच माहीत नाही.

केकवाली: दे तर.

ड्रायव्हर: काय?

केकवाली: माझं छत. दे परत. आणि पर्समधला चष्मा काढून दे, फोनही. लेकीचा नंबर वरच आहे. तू लाव.

ड्रायव्हर: मी बोलू का? पंखेवाली म्हणून?

केकवाली: नको. तिने मला मना केलंय, तर मलाच बोलायला हवं. दे इकडे. वाजतोय. हॅलो? अगं, मी. बाळ झोपलंय? ... झोपू दे. नाही, झोपू नको देऊ. उचल त्याला. ... नाही, बैठक सुरू नाही झाली अजून. ऐक. मी आता ते नाव घेणार आहे. तू म्हणाली होतीस, ते नाव घेतलं की तू त्याच पावली परत जाशील. जा. पण आत्ता जा, लगेच. ... हो. तेच. छत. ... आणि जमीनही. ... घेतली, सकाळची गोळी घेतली, तुझ्यासमोरच घेतली. ... हॅलो? ... हॅलो?

ड्रायव्हर: ठेवला?

केकवाली: नाही. श्वास ऐकू येतोय. ... हं. ... हं. ... कधीपासून? ... बरं. ... ते राहू दे सगळं, सामानात अडकू नकोस. ... भरूनच ठेवलीय? ... बरं. खालच्या जिमवाल्यांना ओरडून सांग, बाहेर व्हा म्हणावं, आणि समोर औषधांच्या दुकानात जाऊन बस. मी निघाले. ... व्हॅनने. ती पंखा पुसणारी आहे ना, तिची. ... नाही गं, ती पंखे पुसत नाही. मैत्रीण आहे माझी. ... फोन चालू ठेव. रस्त्यावर आलीस की सांग. ... आलीस? ... नीट. दोन्हीकडे बघून ओलांड. ... बरं. ठेव.

लायब्ररी: मी अग्निशमन दलाला फोन करू?

केकवाली: कर. पण माझं नाव सांगू नकोस, पत्ताही हळूच सांग. ते मला ओळखतात. मागे एकदा मी शिडी मागवली होती.

लायब्ररी: बाबांच्या आवाजात करते. आणि वर मॅडमना काय सांगू? मला सगळं सांगावं लागेल. मला खोटं बोलता येत नाही.

ड्रायव्हर: सगळं सांग. भेटतो म्हणून सांग, दाढेचं सांग, पोत्याचं सांग. काढतील गटातून तर काढू देत. ताई, ऊठ. जिना उतरता येईल ना? आपण तळमजल्यावरच आहोत. मीही काय बोलतेय. चल.

केकवाली: तू चालवशील? बाळ असेल मागे.

ड्रायव्हर: रोज वीस पोरं नेते.

केकवाली: तसं नाही. रस्त्याचं तुझं तुला परत मिळालंय आता. मी आज कुठेही मागे जाऊन बघणार नाही. तू विचारू नकोस.

ड्रायव्हर: धक्का बसला तर?

केकवाली: बसला तर बसला. मी शेजारी असेन, मलाही बसेल.

ड्रायव्हर: बरं.

केकवाली: किल्ली उलटी धरलीयस.

ड्रायव्हर: हो. काय म्हणाली ती? गेली का चिडून?

केकवाली: चिडली नाही. पाळण्यात रोज सकाळी पांढरं पडलेलं असायचं म्हणे. आधी तिला वाटलं माझं पीठ असेल. मग चाखून बघितलं. चुना होता. त्या दिवसापासून पाळणा दाराशी ओढलाय तिने, आणि पिशवी भरून ठेवलीय.

ड्रायव्हर: आणि तुला एका शब्दाने बोलली नाही?

केकवाली: यायची म्हणे सांगायला. माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची. मी इतक्या वर्षांनी अशी गाढ झोपलेली असायचे, तिला उठवावंसं वाटलं नाही.